लाल मातीतले एकवीस ढीग

जुलै २

लेइमास, तू विसराळू आहेस हे मला तू रांगत होतीस तेव्हापासून माहीत आहे, पण या वेळी तू हद्द केलीस. बोटीत चढायच्या आधी माझ्या हातात वही दिलीस. पेन दिलंस. ते संपलं तर म्हणून दुसरं पेन दिलंस. म्हणालीस, "आजी, माझ्या नवऱ्यावर लक्ष ठेव आणि रोजच्या रोज लिहून ठेव." इतकं सगळं आठवलं. आजीला अक्षर येत नाही, तेवढं आठवलं नाही.

आता घरात माणसं किती? तू संत्री तोडायला क्वीन्सलंडला गेलीस. उरलो मी, तुझा नवरा आणि गव्हर्नर. गव्हर्नर डुक्कर आहे, तो लिहीत नाही. म्हणजे राहिला कालतांग. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाच मी समोर बसवलंय आणि त्याच्याच हाताने त्याची खबर लिहून घेतेय. हसू नकोस. तुझीच करणी आहे.

त्याला नियम घालून दिलाय. मी बोलेन ते सगळं लिहायचं. दर रविवारी चर्चमध्ये उपासना संपली की पाळकांची बायको आंब्याखाली बसून मला वाचून दाखवणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला कळणार.

"लिहिलंस?"

"लिहिलं, आजी."

"मी खोकले तेही?"

"खोकला कसा लिहितात?"

"मग शाळेत तुला शिकवलं तरी काय!"

जुलै ८, रविवार

पहिलं वाचन झालं. पाळकबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं, "कालतांग पहाटे उठून पाणी भरतो. त्याच्यासारखा गुणी माणूस या बेटावर शोधून सापडणार नाही."

मी म्हटलं, "थांबा. हे कोण म्हणालं?"

तुझा नवरा आंब्यावर किती कैऱ्या लागल्यात ते मोजत होता. या दिवसांत आंब्याला मोहोरही नसतो.

पहिलं वाक्य ठेवलंय, पाणी तो भरतो. दुसरं खोडायला लावलं. बेटावर शोधायला कोणी गेलंच नाही, तर सापडणार नाही हे याला कसं कळलं?

जुलै १४

तुझा नवरा झुरतोय गं. दोन घास खातो आणि ताट सरकवतो. "आजी, पोट भरलं." दोन घासांत? मी अळकुड्या चांगल्या मऊ शिजवते, चावायचंही काम ठेवत नाही. मला दात नाहीत आणि दोघांसाठी दोन वेगळी भांडी चढवायला मी काही खानावळ काढलेली नाही. तू असताना हा चार-चार कोनफळं संपवायचा. आता ही गत. तुझ्या आठवणीने झालंय, दुसरं काय.

एक मात्र कळत नाही. त्याला पट्टा एक भोक सैल करावा लागलाय. दुःखाने माणूस सुजतो म्हणतात. माझ्या आत्याचं तसंच झालं होतं.

"आजी, पट्ट्याचं पण लिहायचं?"

"पट्ट्याचं आधी लिही."

जुलै १९

गेले तीन दिवस मी विधवा एलिझाच्या कुंपणापाशी केवड्याची पानं सोलत बसले. कालतांग तिथून गेला की ती फार हसते, असं माझ्या कानावर आलं होतं. तू सांगितलंयस लक्ष ठेव, तर मी ठेवणार. तीन दिवसांत मला कळलं ते असं की ती पाळकांना हसते, पावसाला हसते, आणि आपल्या कोंबड्यांनाही हसते. तिच्यापासून भीती नाही. माझी कंबर मात्र धरली.

कालतांग तिथे फिरकलासुद्धा नाही. तो हल्ली दुपारनंतर डोंगराच्याच बाजूला असतो.

जुलै २३

आज लापलाप खाल्लं! कोनफळ किसून, नारळाचं दूध घालून, पानांत गुंडाळून, तापल्या दगडांवर छान भाजलेलं. वर कोंबडीसुद्धा. आणि इतकं मऊ की हिरड्यांनाही कळलं नाही.

शाळेच्या दोरीनने पाठवलं. बालवाडीची मास्तरीण, मालेकुला बेटावरची. हो, तीच, जिचा नवरा पाच वर्षांपूर्वी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला आणि तिथेच कुणाच्या तरी झाडाखाली कायमचा बसला. बिचारी एकटी राहते, तरी म्हाताऱ्या माणसाची आठवण ठेवते. कालतांगच्या हातून पाठवलं. त्याला म्हटलं, "तूही खा." म्हणाला, "मला भूक नाही." बघ, लापलाप समोर असून भूक नाही! असा नवरा तुला मिळालाय, लेइमास.

हे लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. स्तुतीची सवय नाही.

ऑगस्ट ३

कालतांग फार धार्मिक झालाय. रोज दुपारी डोंगरावर जातो. विचारलं तर म्हणाला, "प्रार्थनेला, आजी. एकांत मिळतो." मला आधी वाटलं थापा मारतोय. मग त्याचे पाय पाहिले. गुडघ्यापर्यंत लाल माती! गुडघे टेकल्याशिवाय माती तिथवर चढेल का? हातालाही माती. म्हणजे पार लोटांगण घालत असणार.

आपल्या मळ्यातली माती काळी आहे, तेव्हा मळ्यात गेला नव्हता हे नक्की. मळा तसाच पडलाय. कोनफळं लावायचे दिवस आले, त्यासाठी मातीचा एकही ढीग रचलेला नाही. पण देवाचं काम आधी. 

दोरीनचं लापलाप आजही आलं. चौथी वेळ.

ऑगस्ट १२, रविवार

आज पाळक आदामावर बोलले. देवाने विचारलं, फळ का खाल्लंस? आदाम म्हणाला, तू दिलेल्या बाईने दिलं. एका दमात बायको अडकवली आणि देवालाही. बायको म्हणाली, सापाने फसवलं. पाळक म्हणाले, साप गप्प राहिला, कारण बोट दाखवायला त्याला हातच नव्हते. सगळे हसले. मग पाळक गंभीर झाले. म्हणाले, देवासमोर प्रत्येकाने आपल्यापुरतं उत्तर द्यायचं आहे. बापाने मुलाचं नाही, मुलाने बापाचं नाही.

नंतर त्यांनी जाहीर केलं की सप्टेंबरात कुटुंबाचा सप्ताह आहे, आणि वैवाहिक निष्ठेवर बोलणार आहे... कोण असेल? तुझा नवरा! बायको समुद्रापार असताना इतकी प्रार्थना करणारा दुसरा कोण आहे, असं पाळक म्हणाले. प्रार्थनेचं त्यांना मीच सांगितलं होतं.

कालतांगला घाम फुटला. नम्र आहे फार.

ऑगस्ट २०

काही घडलं नाही. गव्हर्नरने माझी चप्पल खाल्ली. डावी.

ऑगस्ट २४

आज हवा छान होती. बोट वेळेवर आली.

ऑगस्ट २६, रविवार

आज या वहीत अक्षर वेगळं दिसेल. पाळकबाई लिहितायत. का, ते सांगते. वर परवाच्या तारखेला हवा आणि बोट वाचलीस ना? परवा मी चूल विझेपर्यंत बोलत होते. कालतांग मान खाली घालून पेन चालवत होता. आज आंब्याखाली पाळकबाईंनी वाचलं, "आज हवा छान होती. बोट वेळेवर आली," आणि वही मिटली.

मी म्हटलं, "बाई, पुढे वाचा."

"पुढे काही नाही, आजी."

"असं कसं? मी एवढं बोलले. आणि दोरीनच्या मळ्यातले ढीग कुठे गेले?"

बोलून गेले आणि मग वर पाहिलं. आंब्याखाली वीस बायका होत्या. एलिझाही होती. लेइमास, ती पहिल्यांदाच हसली नाही.

आता परवा मी काय सांगितलं होतं ते ऐक. पाळकबाई, हे सगळं लिहा. नाही, वगळायचं नाही. तुम्ही पाळकांची बायको असाल, पेन माझ्या नातीचं आहे.

परवा चटईसाठी केवडा आणायला मी डोंगरावर गेले. आपल्या बाजूचा केवडा एलिझाच्या कुंपणापाशी सोलून संपवला होता, म्हणून लाल मातीच्या उतारापर्यंत चढले. तिथे शाळेने दोरीनला दिलेला जमिनीचा तुकडा आहे. पाच वर्षं त्यावर ती रताळी लावते, कारण कोनफळाचे ढीग रचायला तिच्या घरात पुरुष नाही. परवा पाहते तर ढीगच ढीग. ओळीने. एकवीस. मी दोनदा मोजले.

अक्षर मला येत नाही, पण माती येते. बाकीचे पुरुष माती डोंगराकडून ओढतात आणि खळगा वरच्या अंगाला राहतो. डावखुरा माणूस समुद्राकडून ओढतो, आणि इथे सगळे खळगे समुद्राच्या अंगाला होते. या गावात डावखुरा एकच. आणि ढीग झाला की माथ्यावर तळहाताने थापटून टोपीसारखा सपाट करायची खोडही एकाचीच. तुझ्या लग्नात पाळकांनी चर्चमध्ये दीड तास घेतला, पण मी तुम्हाला नवराबायको मानलं ते त्याने रचलेल्या पहिल्या ढिगात तू कोनफळ ठेवलंस तेव्हा. त्या ढिगालाही अशीच टोपी होती.

नवऱ्याने ढीग रचायचा, बायकोने त्यात कोनफळ ठेवायचं. परक्या बाईच्या मळ्यात कोणी ढीग रचला तर आपल्याकडे त्याला मदत म्हणत नाहीत. काय म्हणतात ते पाळकबाई लिहायला तयार नाहीत. राहू दे. तुला माहीत आहे.

मी तिथेच एका ढिगावर बसले. मग उठले. त्याच्या ढिगावर बसायची मला किळस आली.

आणि मग सगळं एकेक करून जागेवर बसलं. पट्टा. गुडघ्यांची माती. लापलाप. आत्याचं काय झालं होतं तेही आता कळलं म्हणायचं.

घरी येऊन मी त्याला ओरडले नाही. म्हटलं, वही घे. आणि हे सगळं त्याला सांगितलं, लिही म्हणून. त्याने काय लिहिलं, तर हवा छान होती.

ऑगस्ट २८

वीस बायकांना कळलं म्हणजे दुपारपर्यंत प्रमुख मासाऊला कळणारच. माझ्या बहिणीचा मुलगा असला तरी गावचा प्रमुख आहे. आज त्याने सभा बोलावली. पाळक आले, म्हातारे आले. कालतांग कोपऱ्यात बसला होता. दोरीन दाराबाहेर उभी होती. तिला आत या म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

मासाऊ म्हणाला, "मावशी, यात काही अवघड नाही. दंड म्हणून तुझ्या घरचं एक डुक्कर आणि दहा चटया. मास्तरीणबाईंचं इथे कोणी नाही, तर त्यांच्या बाजूने पाळक दहा चटया ठेवतील. सगळे मिळून जेवू. तोंडाला लागलेलं पुसलं जाईल. लेइमासला तिकडे परदेशात कळवायची गरज नाही. पोरगी कामात आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. कालतांगने सगळ्यांच्या आधी हलवली.

मी म्हटलं, "डुकराने किती ढीग रचले?"

"मावशी..."

"विचारतेय. गव्हर्नर दोन महिने खुंटाला बांधलेला आहे. माझी चप्पल सोडली तर त्याने परक्या कशाला तोंड लावलेलं नाही. आमच्या घरात त्याच्याइतकं निष्ठेने कोणी राहिलेलं नाही. आणि मरायचं त्याने?"

मागे कोणीतरी फुसकन हसलं. मासाऊलाही हसू येत होतं, पण प्रमुखाला हसता येत नाही.

"आपली रीत आहे, मावशी. एकाचं चुकलं की सगळे मिळून उचलतात."

"चांगली रीत आहे. असल्या किती डुकरांचं मांस मी खाल्लंय. पण सगळे मिळून उचलतात तेव्हा ज्याचं ओझं आहे तो हात सोडून मोकळा चालतो, हेही मी पाहिलंय. त्याला आधी उचलू दे. जड झालं तर आम्ही आहोत." मग मी पाळकांकडे वळले. "काय हो, दोन आठवड्यांपूर्वी तुम्ही म्हणालात की ज्याने त्याने आपल्यापुरतं उत्तर द्यायचं."

पाळक म्हणाले, "हो... पण आजी, तो उपदेश होता."

आता सांग, यावर माणसाने काय बोलायचं? पाळकबाई लिहितायत आणि मान हलवतायत. घरी गेल्यावर पाळकांचं काय होणार आहे ते मला दिसतंय.

सभा काही न ठरता उठली. मासाऊने एवढंच सांगितलं की आठ दिवसांत मिटवा, नाहीतर डुक्कर.

ऑगस्ट ३०

आज दोरीन आली. दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. हाताला फोड आलेले.

म्हणाली, "आजी, ढीग मोडले. सगळे. काल आणि आज."

"अगं, एकटीने?"

"रचले असते एकटीने तर मोडायची वेळ आली नसती." मग म्हणाली, "मी त्याला बोलावलं नव्हतं. शाळेच्या पाण्याची नळी दुरुस्त करायला आला होता, उपाशी दिसला, जेवायला घातलं. तो म्हणाला, बदल्यात चार ढीग रचून देतो. तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं. मी मालेकुलाची असले तरी ढिगाचा अर्थ मला कळतो, आमच्याकडेही तोच आहे. पण पाच वर्षांत माझ्यासाठी कोणी माती हलवली नव्हती, आजी. चार झाले तरी तो थांबला नाही. मीही थांब म्हटलं नाही. समोर बसून पाहत राहिले. ते माझं. त्याचं त्याने सांगावं."

मी म्हटलं, "लापलाप का पाठवायचीस मला?"

"तुम्ही विचारू नये म्हणून."

असं तोंडावर. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण लेइमास, अख्ख्या सभेत एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं, आणि ही बाई सभेच्या दाराबाहेर उभी होती.

जाताना म्हणाली, "कोनफळं कोणी लावली नव्हती. एवढं लेइमासला सांगा."

पाळकबाईंचे डोळे पुसून होईपर्यंत आम्ही थांबलो. आता पुढे.

तिने सरळ सांगितलं, मग मीही सांगते. माझ्या वाट्याचं. लापलाप सहा वेळा आलं आणि सहाही वेळा मी ते चाटून पुसून खाल्लं. दोरीनला कोणी पुरुष नाही, मग एवढी कोनफळं किसायला आणि कोंबडी मारायला ती कोणासाठी बसते, हे मला पहिल्या दिवशी विचारता आलं असतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर लापलाप थांबलं असतं. आणि वीस बायकांसमोर तोंड उघडलं ते माझंच. तुझं दुःख तुझ्या आधी गावाला कळलं. ते काम कालतांगने केलं नाही, दोरीनने नाही. मी केलं. यावर माझ्याकडे कारण नाही. असतं तर तुला माहीत आहे, मी सांगितलंच असतं.

सप्टेंबर १

आज सकाळी मी वही कालतांगसमोर ठेवली. म्हटलं, "परवा आपल्या गावचा जोशुआ तोडणीच्या दुसऱ्या टोळीबरोबर क्वीन्सलंडला जातोय. त्याच्याबरोबर वही जाईल. तुझं पान तू लिही. मी काही सांगणार नाही. फक्त लिहिलेलं मला वाचून दाखव."

"आजी, मासाऊकाका म्हणतात तसं केलं तर?"

"गव्हर्नरला विचारून ये."

तो बसला. बऱ्याच वेळाने वाचलं, "लेइमास, आजीचं जेवण तू खाल्लं आहेस. मला फार भूक लागायची."

"खोड."

"खरं आहे, आजी!"

"खरं असेल. तू कारण लिहायला बसला आहेस की काय केलंस ते लिहायला? खोड."

पुन्हा वाचलं, "तू गेलीस आणि मी एकटा पडलो."

"खोड. ती हौसेने गेली का? छपराचे पत्रे घ्यायचे दोघांनी ठरवलं. तिला मध्ये ओढू नकोस."

तिसऱ्यांदा वाचलं, "दोरीनने मला..."

मी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःच खोडलं.

मग तो बाहेर गेला. गव्हर्नरजवळ बराच वेळ उकिडवा बसला होता. परत आला, एका दमात लिहिलं, आणि वाचून दाखवताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या हाताने आहे तसंच खाली आहे. मी एक शब्द घातलेला नाही.

लेइमास, मी दोरीनच्या मळ्यात एकवीस ढीग रचले. पहिले चार जेवणाच्या बदल्यात होते. उरलेले सतरा जेवणासाठी नव्हते. ती समोर बसलेली असायची आणि मला अजून एक रचावासा वाटायचा. तिला मी हात लावला नाही. पण तिने एखाद्या ढिगात कोनफळ ठेवलं असतं, तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. नाही, माहीत आहे. मला कोणी रचायला लावले नाहीत. मी रचले. आपला मळा तसाच पडला होता. हवा छान होती हेही मीच लिहिलं. कालतांग.

वाचून झाल्यावर मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "आजी, यात साखर नाही." म्हटलं, "आज नाही."

सप्टेंबर २, रविवार

आज वाचन झालं नाही. पाळकबाई वही घ्यायला आल्या, मी दिली नाही, आता पुन्हा कालतांगच लिहितोय. बायका थोडा वेळ आंब्याखाली रेंगाळल्या आणि घरी गेल्या. एवढी गोष्ट मला आधी शिकायला हवी होती.

उपासनेच्या शेवटी पाळकांनी सप्ताहाच्या वक्त्यांची नावं वाचली. कालतांगचं नाव त्यांनी हळूच गाळलं, कोणाला कळू नये असं. तर हा उभा राहिला. म्हणाला, "पाळक, माझं नाव राहिलं. गाळायचं असेल तर गाळा, पण मी नम्र आहे म्हणून नाही. मी त्या विषयावर बोलायच्या लायकीचा नाही, असं सांगून गाळा." आणि बसला.

चर्चमध्ये इतकी शांतता झाली की एलिझाच्या कोंबड्या ऐकू आल्या. पाळकांनी यादी पुन्हा हातात घेतली. मग त्यांनी स्वतःचंही नाव गाळलं. म्हणाले, सभेत मी सोपी वाट धरली, या वर्षी त्या विषयावर बोलायला दुसरं कोणीतरी बघू.

आता निष्ठेवर बोलायला गावात कोणीच उरलेलं नाही. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे आहे. मी सांगितलं, माझा नवरा मरून बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांनी निष्ठावान राहायला काय लागतं!

सप्टेंबर ३

जोशुआची बोट दुपारची आहे. हे शेवटचं पानही कालतांगच लिहितोय.

त्याला सांगितलं, वही धक्क्यावर जोशुआच्या हातात तूच नेऊन द्यायची. मी येणार नाही. पाळकबाई नाहीत, मासाऊ नाही, कोणी नाही.

त्याने पेन थांबवलं. "आजी, वाटेत खडकांवरून समुद्रात टाकली तर?"

"टाक."

"तुला कसं कळणार?"

"मला नाही कळणार. लेइमासलाही नाही कळणार. तिला वाटेल आजी वही विसरली. तुला कळेल, आणि आयुष्यभर तू एकटाच कळून घेत बसशील."

त्याने हे लिहिलंय की नाही ते मी तपासणार नाही.

तेव्हा लेइमास, तू हे वाचत असशील तर एवढं खरं धर की दुपारच्या उन्हात तो ही वही छातीशी धरून धक्क्यापर्यंत चालत गेला, आणि वाटेवर कोणी पाहत नव्हतं. त्यामुळे सतरा ढीग पुसले जात नाहीत. पण हे तेवढंच खरं आहे, म्हणून सांगितलं.

गेले दोन दिवस तो आपल्या काळ्या मातीत खणतोय. न सांगता. अकरा ढीग झालेत. त्यात कोनफळ मी ठेवणार नाही, पाळकबाई ठेवतो म्हणाल्या त्यांनाही नाही म्हटलं. ते उघडेच राहतील. पाऊस आला तर ढासळतील, मग तो पुन्हा रचेल. त्याला दुसरं काम नाही.

तू परत येशील की नाही, आलीस तर या घरात की माझ्या बहिणीकडे, हे तूच ठरव. त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही. करू नकोस असंही नाही. लोक तुला खूप सांगतील. आजीचं ऐकायची गरज नाही, आजीने सहा लापलापं खाल्ली आहेत.

फक्त उत्तर कागदावर पाठवू नकोस. तो वाचून मला काय सांगेल कोण जाणे, आणि पाळकबाई वाचतील तर वीस बायका येतील. पुढच्या महिन्यात तिकडून कोणी परत येत असेल त्याच्याजवळ खारवलेल्या मांसाचे डबे पाठव, बैलाचं चित्र असतं ते. दोन डबे आले तर एक मी त्याच्या हातात देईन. एकच आला तर त्याच्यासमोर बसून तो मी एकटी खाईन. आणि काहीही ठरवलंस तरी चरबीवालाच पाठव, मागच्या वेळचा फार सुका होता.